भयपट, हिंदी
प्रेक्षकाच्या मनात भीती जागविणे हा ज्याचा प्रधान हेतू असतो, असा चित्रपटप्रकार. भरताच्या *नाट्यशास्त्रा*त भयानक रसाचा स्थायिभाव भय सांगितला आहे. चित्रपटगृहातील भयापासून प्रत्यक्ष धोका नसल्याने ते आस्वाद्य ठरते.

हिंदी भयपटाचा पाया मुंबईच्या मालाड उपनगरातील ‘बॉम्बे टॉकीज’ या संस्थेच्या *महल* (१९४९) या चित्रपटाने घातला. कमाल अमरोहीदिग्दर्शित या चित्रपटात छायाप्रकाश, निर्जन वास्तू व दुरून ऐकू येणारे गीत यांतून भय सूचित होते. मात्र गूढ स्त्री अखेर माळ्याची मुलगी ठरते. *बीस साल बाद* (१९६२) व *वह कौन थी?* (१९६४) यांतही भुताटकीमागे मानवी कारस्थानच निघते.

रामसे बंधूंनी *पुराना मंदिर* (१९८४) यासारख्या चित्रपटांत खराखुरा राक्षस पडद्यावर आणला आणि त्याच्या पारिपत्यासाठी त्रिशूळाचा आधार घेतला. या चित्रपटांनी मोठा प्रेक्षकवर्ग मिळविला. तथापि राक्षस वारंवार व स्पष्ट दिसू लागताच भीती ओसरते, हे त्यांचे वैगुण्य होय.

राम गोपाल वर्मा यांच्या *भूत* (२००३) या गीतविरहित चित्रपटात हवेलीची जागा मुंबईतील उंच इमारतीमधील सदनिकेने घेतली. शेजार असूनही एकाकी असलेले शहरी घरच येथे भयस्थान बनते. राही अनिल बर्वे यांच्या *तुंबाड*मध्ये (२०१८) राक्षस दिसतो. परंतु खरे भय माणसाच्या न शमणाऱ्या लोभाचे आहे. भयपटाचा कस राक्षसाच्या विद्रूपतेत नसून, प्रेक्षकाला परिचित असलेले जग तो किती अस्थिर करतो, यात आहे.