ॲनिमेशनपट, आवाज आणि परभणीची बोली

ॲनिमेशनपटात नट दिसत नाही. रेघ हलते, तोंड उघडते-मिटते, आणि पात्रात जीव येतो तो पडद्यामागच्या गळ्यामुळे. मराठी माणसाच्या हाती ही हलती रेघ शंभर वर्षांपूर्वीच आली. आवाजाची तालीम तर रंगभूमीने आणि आकाशवाणीने पिढ्यान् पिढ्या दिली. तरीही हे दोन्ही एकत्र येऊन मराठीतून बोलणारे, मुलांच्या तोंडी बसणारे ॲनिमेशन फारच थोडे झाले. परभणी जिल्ह्यात या कलेचे चाहते भरपूर आहेत; त्यांची आवडती पात्रे मात्र जवळजवळ सगळी हिंदी बोलतात.

चित्र दाखवत गोष्ट सांगण्याची रीत गोदावरीकाठाला नवी नाही. पैठणच्या नावाने ओळखली जाणारी, टपोऱ्या डोळ्यांची चित्रकथी चित्रे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहेत. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीत ठाकर समाजाने ही कला अजून राखली आहे. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. चित्रकथीत भारतीय ॲनिमेशनचे मूळ शोधण्याची अलीकडे हौस आहे, पण ते ताणणे झाले. तिथे चित्र हलत नाही. साम्य आहे ते आवाजात: एकच कथेकरी रामाचे बोलतो, रावणाचेही बोलतो आणि मधल्या वानराचेही.

चित्र खऱ्या अर्थाने हलवले ते दादासाहेब फाळक्यांनी. १९१२ मध्ये रोप वाढताना दाखवण्यासाठी त्यांनी कॅमेरा एका जागी रोवून थोड्या थोड्या वेळाने एकेक चौकट टिपली आणि १९१५ च्या ‘आगकाड्यांची मौज’मध्ये हेच तंत्र काड्यांना लावले. १९३४ साली ‘प्रभात’ने रघुनाथ केळकर यांचे ‘जंबूकाका’ हे कोल्ह्याचे व्यंगचित्र पडद्यावर आणले. एवढ्या मोठ्या संस्थेचे पाठबळ असताना या वाटेवर पुढे वर्दळ झाली नाही, कारण हाताने काढलेल्या चित्रपटाला सेकंदाला चोवीस चौकटी लागतात. दोन-दोन चौकटींना एक चित्र वापरले तरी दहा मिनिटांसाठी सात हजारांवर चित्रे होतात. एवढी चित्रे काढणाऱ्यांचा पगार सरकारच देऊ शकले. १९५६ मध्ये डिस्नेचे क्लेअर वीक्स मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकवायला आले आणि राम मोहन यांच्यासारखी माणसे तिथे तयार झाली. ‘एक अनेक और एकता’ हा १९७४ चा लघुपट भीमसेन यांनी केला आणि त्यामागे विजया मुळे होत्या. त्यातले चिमणपाखरांचे गाणे दूरदर्शनमुळे गावोगाव पोचले, हिंदीतून.

पुढचा इतिहासही असाच आहे. २००५ चा ‘हनुमान’ व्ही. जी. सामंत आणि मिलिंद उके यांनी दिग्दर्शित केला. दोघे मराठी, चित्रपट हिंदी. मराठीतला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट म्हणून ‘प्रभो शिवाजी राजा’ २०१८ मध्ये आला. पुराण आणि इतिहास यांच्याबाहेर निर्माते सहसा जात नाहीत, कारण कथा आधीच माहीत असलेला प्रेक्षक त्यांना खात्रीचा वाटतो. मराठीतले सर्वांत लाडके रेखाटलेले मूल म्हणजे १९९१ मध्ये वृत्तपत्रात अवतरलेला चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू. तो २०१२ साली मोठ्या पडद्यावर आला तेव्हा त्याचे काम एका खऱ्या मुलाने केले! रेघेवरचा एवढा अविश्वास खुद्द व्यंगचित्राच्या वाट्याला यावा, हे मराठी निर्मितीची अवस्था पुरेशी सांगते. उत्तम अपवाद गीतांजली राव यांचा. ‘बॉम्बे रोज’ची एकेक चौकट रंगवून काढलेली होती आणि २०१९ मध्ये व्हेनिसच्या क्रिटिक्स वीकची सुरुवात त्याच चित्रपटाने झाली. त्यात मुंबई हिंदीबरोबर मराठीही बोलते. पण तो मुलांचा चित्रपट नव्हे.

आवाजाच्या बाजूने पाहिले तर मराठी माणसे सर्वत्र आहेत. १९९३ मध्ये दूरदर्शनवर आलेल्या जपानी ‘जंगल बुक’च्या हिंदी रूपात शेरखानाला नाना पाटेकरांचा आवाज होता, आणि तो आवाज ऐकून एक पिढी दचकली. हिंदीतला निन्जा हातोडी मेघना एरंडे यांच्या आवाजात बोलतो. ‘द लायन किंग’च्या २०१९ च्या हिंदी आवृत्तीतला टिमॉन श्रेयस तळपदे यांचा, ‘मुफासा’तला रफिकी मकरंद देशपांडे यांचा. हे कलाकार हिंदीत रमले याचा दोष त्यांच्यावर जात नाही. दूरचित्रवाणीचा जाहिरात-व्यवहार महाराष्ट्राला हिंदी भाषक बाजारपेठेत मोजतो. जे मूल हिंदी कार्टून समजून हसते, त्याच्यासाठी वेगळी मराठी ध्वनिपट्टी करण्याचा खर्च वाहिनीला नकोसा होतो. तमिळ आणि तेलुगू मुलांच्या बाबतीत हा हिशेब उलटा लागतो. २०२५ मध्ये ‘महावतार नरसिंह’ने देशभर गर्दी खेचली, तो हिंदीखेरीज दक्षिणेतल्या चारही मोठ्या भाषांत लागला, मराठीत नाही. ‘सोनी ये’सारख्या वाहिनीवर मराठी ध्वनिपट्टी आली खरी, पण उशिरा.

जे मराठी डबिंग होते, त्याचा दर्जा हा वेगळा प्रश्न. डबिंग-कलाकार कानात मूळ संवाद घेऊन, समोरच्या पात्राच्या ओठांवर नजर ठेवून बोलतो. प, ब, म यांसाठी ओठ मिटतात. पडद्यावर ओठ मिटले आणि कानी ‘का’ आले तर लहान मुलालाही खटकते. जपानी कार्टूनमध्ये तोंडाचे आकार मोजकेच असल्याने तिथे निभावते, हॉलिवूडच्या संगणकी चेहऱ्यांपुढे निभावत नाही. मराठी वाक्य क्रियापदावर संपते, त्यामुळे मूळ पात्र शेवटच्या शब्दावर हात आपटते तेव्हा मराठीत तिथे नेमके निर्जीव ‘आहे’ येऊन पडते. चांगला संवादलेखक वाक्य मोडून ही अडचण सोडवतो. अनेकदा मात्र घाईत हिंदी संहितेवरूनच मराठी बेतले जाते, आणि पात्रे पाठ्यपुस्तकासारखी बोलू लागतात. शिनचॅनसारखे वात्रट कार्टे ‘कृपया मला मदत कर’ म्हणू लागले की त्याचा वात्रटपणा संपलाच.

परभणीत हे प्रश्न आणखी गुंतागुंतीचे होतात. निजामाच्या राज्यात १९४८ पर्यंत राहिलेला हा जिल्हा. शहरात उर्दू आणि दखनी रोजच्या कानावरच्या. म्हणून इथल्या मुलांना हिंदी कार्टूनची अडचण कधी झाली नाही. त्याच मुलांची घरची बोली ‘कामून’, ‘करायलाय’ अशी, आणि ती मुंबई-पुण्यात लिहिलेल्या संहितेत येत नाही. आली तर विनोदापुरती: नायक प्रमाण मराठी बोलणार, बावळट सोबती मराठवाडी. मकरंद अनासपुरे यांनी ही बोली मराठी चित्रपटात लोकप्रिय केली, पण तिचा हशा आणि तिचा मान एकत्र वाढले नाहीत. ॲनिमेशनमध्ये तर बोलीला आणखी मोकळीक हवी. बोलणाऱ्या कोल्ह्याने पुण्याच्या सदाशिव पेठेतच जन्म घेतला असेल असे मानायचे काय कारण?

आवाजाचे शिक्षण मात्र परभणीत दुर्मीळ नाही. मध्यमलहरींवर १३०५ किलोहर्ट्झवर ऐकू येणारे परभणी आकाशवाणी केंद्र हे या भागातले स्वरचाचणीचे जुने दार आहे. युववाणी, श्रुतिका आणि नभोनाट्य यांतून आवाज कमावला जातो. चेहऱ्याचा आधार न घेता पात्र उभे करण्याची ही शिस्त आवाज-अभिनयाला थेट उपयोगी पडते. मुंबई केंद्रावरच्या ‘पुन्हा प्रपंच’ या श्रुतिकेमध्ये बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी यांनी तेच केले होते. राज्य नाट्य स्पर्धेच्या परभणी केंद्रावर उतरणाऱ्या हौशी संघांचा पाया वेगळा: त्यांची फेक मागच्या रांगेपर्यंत जाते, पण माइकसमोर तीच फेक कर्कश होते आणि नव्याने आवरावी लागते.

परभणीतल्या ॲनिमेशनच्या चाहत्यांचा आताचा मार्ग मोबाइलमधून जातो. प्रसिद्ध कार्टून किंवा चित्रपटाच्या तुकड्यावर गावरान संवाद चढवायचे, रजईखाली बसून रेकॉर्ड करायचे, आणि मित्रांना पाठवायचे. यातला बराच माल शिव्यांवर आणि शेजारच्या जिल्ह्याच्या टिंगलीवर चालतो. तरी ओठांशी जुळणारी सहज मराठी ऐकायची असेल तर ती कित्येकदा इथेच सापडते, अधिकृत डबिंगमध्ये नाही. मूळ चित्रे दुसऱ्याच्या मालकीची असल्याने हे काम हौसेपलीकडे जात नाही. पैशाचे काम मुंबईच्या अंधेरी भागातल्या स्टुडिओंत, देवगिरी एक्स्प्रेसच्या एका रात्रीवर. घरून ध्वनिमुद्रण पाठवण्याची सोय आता झाली आहे, पण लहानसहान भूमिका आयत्या वेळी जवळच्याच माणसाला मिळतात. चित्राच्या बाजूला ब्लेंडरसारखी मोफत संगणक-प्रणाली कोणालाही खुली आहे. तिच्यावर शिकलेली मराठवाड्यातली मुले पुणे-हैदराबादच्या कंपन्यांत परदेशी मालिकांच्या चौकटी भरतात. त्यांची रेघ आणि परभणीतला आवाज यांना एका संहितेवर आणणारा निर्माता अजून पुढे आलेला नाही.