डालड्याचा डबा आणि प्रत्ययाची मनाई

जाहिरातीच्या धंद्यात मराठी मजकूर लिहिणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात एक नियम शिकवला जातो. ब्रँडच्या नावाला हात लावायचा नाही. नावाचं अनेकवचन करायचं नाही, क्रियापद करायचं नाही आणि त्याला काहीही जोडायचं नाही. गेली काही वर्षं मी हा नियम पाळत आलो आहे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर एका खाद्यपदार्थाच्या कंपनीसाठी लिहिलेली ओळ परत आली. ओळीत नावाला 'ची' हा प्रत्यय लावला होता. शेरा होता : प्रत्यय काढा. मी विचारलं, मग वाक्य कसं होणार? उत्तर मिळालं, हिंदीत झालंय, मराठीत का होत नाही?

प्रश्न उपरोधाने विचारला होता, पण तो अभ्यासाचा निघाला. या लेखाची सुरुवात तिथूनच झाली.

हिंदीत होतं, कारण हिंदीत 'का, की, में, से' हे नामापासून सुटे लिहितात. बोधचिन्ह जसंच्या तसं ठेवून पुढे 'की' लिहिलं की काम भागतं. इंग्रजीत तर शब्दयोगी अव्ययं नामाच्या आधीच येतात. मराठीत प्रत्यय नामाला चिकटतो, आणि चिकटण्याआधी नामाला वाकवतो. घोडा, घोड्याला. शाळा, शाळेत. या वाकण्यालाच आपण सामान्यरूप म्हणतो. म्हणजे दोन भाषांची सोय पाहून केलेला नियम तिसऱ्या भाषेच्या मुळावर येतो. मग पळवाटा निघतात. 'अमुक या बिस्किटाची चव' असं सरकारी परिपत्रकासारखं लिहायचं. नाहीतर रोमन लिपीतल्या बोधचिन्हाशेजारी एक पोरका 'ची' टांगायचा. दिवाळी अंकांच्या जाहिरातींची पानं उलटताना असे पोरके प्रत्यय आपण सगळ्यांनी पाहिले आहेत.

आता याच्या उलट आपल्या घरांत काय घडलं ते पाहू. माझ्या आजीच्या गॅलरीत डालड्याच्या डब्यात तुळस होती. पिवळा पत्रा, त्यावर हिरवं माडासारखं झाड. मोहरीचा डबा, नळाखालचा डबा, परसाकडे न्यायचा डबा, सगळे त्याच कुळातले. आजी 'डालडाचा' म्हणत नसे, 'डालड्याचा' म्हणे. व्याकरण तिला कोणी शिकवलं नव्हतं. आकारान्त शब्द दिसला की तिची जीभ तो घोड्यासारखा वळवत असे.

डालडा हे नाव मराठी नाही, हिंदीही नाही. 1937 साली हे वनस्पती तूप लिव्हरच्या भारतातल्या कंपनीने बाजारात आणलं. 'डाडा' या डच नावात लिव्हरचा 'ल' घालून ते घडवलं गेलं, असं या धंद्यात सांगितलं जातं. म्हणजे अर्थ नसलेला, कंपनीच्या सोयीने जुळवलेला शब्द. मराठीने त्याला लिंग दिलं, सामान्यरूप दिलं आणि शेवटी अर्थही दिला. तो अर्थ मात्र कंपनीला हवा होता तो नव्हता. साजूक तुपाच्या शेजारी डालडा हा नकली ठरला. स्वातंत्र्यानंतर वनस्पती तुपावर बंदी घालावी अशी मागणी जोरात होती, तुपातल्या भेसळीशी त्याचं नाव जोडलं गेलं होतं. आमच्याकडची म्हातारी माणसं धापा टाकणाऱ्या तरुणाला 'डालड्यावर वाढलेला' म्हणत.

इथे माझ्या मुद्द्याचा गाभा आहे. शब्दाला प्रत्यय लागला की तो भाषेचा होतो, आणि भाषेचा झालेला शब्द मालकाचं ऐकत नाही. कंपन्यांना नेमकी याचीच भीती वाटते, आणि ती निराधार नाही. व्यापारचिन्ह बोलीत सामान्यनाम झालं की त्यावरचा एकट्याचा हक्क जाऊ शकतो. अमेरिकेत अ‍ॅस्पिरिन, एस्कलेटर, थर्मॉस या नावांचं तेच झालं. थर्मॉसचा निकाल 1963 चा आहे. आपल्याकडच्या 1999 च्या व्यापारचिन्ह कायद्याचं नववं कलमही प्रचलित भाषेत रूढ झालेल्या शब्दाला व्यापारचिन्ह म्हणून नोंदू देत नाही. नाव विशेषणासारखं वापरा, पुढे वस्तूचं नाव जोडा, हा वकिलांचा सल्ला त्यातूनच येतो. मराठीने मात्र कुठल्याही निकालाची वाट पाहिली नाही. तिने थर्मॉसचा 'थर्मास' केला आणि दवाखान्यात चहा न्यायला सुरुवात केली.

भाषा अशा नावांना लिंग कसं देते, हे पाहण्यासारखं आहे. दोन वाटा दिसतात. पहिली वाट शब्दाच्या शेवटाची. तूप नपुंसकलिंगी असूनही डालडा पुल्लिंगी झाला, कारण तो आकारान्त. निरमाही तसाच, 'निरम्याने धुतलं' हे मी लहानपणी ऐकलेलं आहे. करसनभाई पटेलांनी 1969 मध्ये आपल्या लेकीच्या, निरुपमाच्या, नावावरून हे नाव ठेवलं होतं. मुलीच्या नावाची पावडर आमच्या न्हाणीघरात येऊन 'तो निरमा' झाली! दुसरी वाट अर्थाची. झेरॉक्स शब्दात स्त्रीलिंगाची कुठलीही खूण नाही. 'कोरडा' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तो घडवलेला आहे. पण झेरॉक्स म्हणजे प्रत, आणि प्रत स्त्रीलिंगी. म्हणून आपण 'दोन झेरॉक्स काढल्या' म्हणतो. बिसलेरी बाटलीच्या मागोमाग गेली. कॅडबरी ईकारान्त होती, तिला कष्टच पडले नाहीत.

बिसलेरीचं उदाहरण आणखी बोलकं आहे. फेलिचे बिसलेरी हे एका इटालियन माणसाचं नाव. हे पाणी 1965 मध्ये मुंबईत आलं, 1969 मध्ये पार्ल्याच्या चौहानांनी कंपनी विकत घेतली. आज एसटी स्टँडवर 'एक बिसलेरी द्या' म्हटल्यावर हातात कुठल्या नावाची बाटली येईल याची खात्री नसते, आणि मागणाऱ्याची तक्रारही नसते. जेसीबीही तसाच. जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज कारखानदाराची ही आद्याक्षरं. आमच्याकडे जेसीबी विहीर खणतो, अतिक्रमण पाडतो, आणि निवडणूक जिंकलेल्या उमेदवारावर वरून गुलाल उधळतो. ही तिसरी कामगिरी त्या कंपनीच्या कुठल्याही जाहिरात-विभागाला सुचली नसती.

उलट दिशेचा प्रवासही आपल्याकडे झाला आहे. पार्ले हे गाव होतं, मग बिस्किट झालं. रावळगाव हे मालेगाव तालुक्यातलं गाव. वालचंद हिराचंदांनी तिथे साखर कारखाना उभारला आणि पुढे गोळ्या-चॉकलेटंही निघू लागली. एका पिढीला 'रावळगाव' म्हणजे खिशातली गोळी. ही नावं आमच्यासाठी मुळातच प्रत्यय लावलेली होती : पार्ल्याचा, रावळगावचा. 2024 मध्ये रावळगावच्या गोळ्यांची नावं 27 कोटींना एका बड्या उद्योगसमूहाकडे गेली. ती बातमी वाचून अनेकांना हळहळ वाटली. ती साखरेबद्दल नसावी. गावाचं नाव विकलं जाऊ शकतं, हे त्या दिवशी कळलं.

याआधीचाही एक थर आहे, छापांचा. माकडछाप दंतमंजन, गायछाप तंबाखू. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही पुडी ओळखता यावी म्हणून चित्र. ही नावं ठेवणाऱ्यांनी गिऱ्हाइकाच्या तोंडाचा विचार आधी केला होता. 'गायछाप मळ' हे वाक्य म्हणायला कोणाला अडचण येत नाही. आजचं नाव आधी संकेतस्थळाचा पत्ता मिळतो का हे पाहून ठरतं, आणि मग माझ्यासारख्याला सांगितलं जातं की याला मराठीत 'आपलंसं' करा.

अलीकडच्या सेवांनी तिसरी वाट काढली आहे. गूगल कर, जीपे कर, ओला कर. इथे हातात धरायची वस्तूच नाही, म्हणून भाषेने नाम सोडून क्रिया धरली आणि आपलं जुनं, उदार 'करणे' पुढे केलं. ही मराठीची दुर्दशा आहे असं म्हणणारे आहेत. मला तसं वाटत नाही. भाजीवाल्या मावशी 'जीपे केलंस का रे?' असं विचारतात, तेव्हा त्या वाक्यातला 'स' त्यांचा आहे, 'रे' त्यांचा आहे. काळजी वाटावी असं वाक्य त्यांच्या तोंडचं नाही. ते आमच्या कार्यालयातून बाहेर पडतं. 'आता अनुभवा अमुक सोबत आनंद' या वाक्यात एकही परका शब्द नाही, फक्त नावामागचा 'च्या' गळला आहे. तरी ते मराठी नाही.

माझ्या धंद्यावरचा माझा आक्षेप एवढाच आहे. ब्रँडला आमच्या भाषेत राहायला यायचं आहे, पण घरचे नियम पाळायचे नाहीत. त्याला घराघरातलं नाव व्हायचं आहे, आणि घरातल्यांनी त्या नावाला हात लावलेला चालत नाही. या दोन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत. शब्दाला वाकू दिलं तर तो डालड्यासारखा कुचेष्टेलाही कामी येईल, हा धोका आहे. न वाकवता ठेवला तर तो पाहुण्यासारखा बाहेरच्या खोलीतच बसून राहील. पाहुण्याशी आपण सांभाळून बोलतो, आणि तो गेल्यावर त्याची आठवणही काढत नाही.

मराठी दिवाळी अंकाची परंपरा 1909 च्या 'मनोरंजन'पासून मोजतात. या परंपरेचा निम्मा भार जाहिरातींनी उचलला आहे, हे मान्य करायला लाजायचं कारण नाही. त्या पानांना मात्र आपण कधी वाचनाचा मान दिला नाही. कथा-कवितेतली सैल ओळ टिपणारा आपला समीक्षक जाहिरातीच्या पानावरचं मोडलेलं वाक्य ओलांडून पुढे जातो. वर्षभरात घरात सर्वाधिक वेळा डोळ्यांखालून जाणारं छापील मराठी बहुधा पुडक्यांवरचं आणि जाहिरातींतलं असतं. त्याची समीक्षा कोणी करायची?

त्या दिवाळीत मी 'ची' काढून टाकला. पगार घेणाऱ्याने काढावा तसा काढला. ओळ छापून आली, तिच्यात चूक अशी कोणी दाखवली नाही. घरी तो अंक आईच्या हातात होता. तिने जाहिरात मोठ्याने वाचली आणि वाचता वाचता, स्वतःच्याही नकळत, गाळलेला 'ची' जागच्या जागी परत घातला.