आधी अनुक्रमणिका, मग प्रबंध

‘सरांनी तपासून दिले की पुढचे लिहीन’ असे म्हणत महिनेच्या महिने थांबलेले संशोधक विद्यार्थी आपण पाहिलेले असतात. त्यांनी अवश्य वाचावे असे एक पुस्तक उंबेर्तो एको यांनी १९७७ साली इटालियन भाषेत लिहिले. विषय एकच, प्रबंध कसा लिहावा. इंग्रजी अनुवाद निघायला मात्र २०१५ साल उजाडले. एको पुढे कादंबरीकार म्हणून गाजले. त्या वेळी ते बोलोन्याला प्राध्यापक होते. इटलीत तेव्हा पदवीसाठीच प्रबंध लागे आणि तो लिहिणाऱ्यांत नोकरी करून शिकणारेही असत.

पुस्तकातला आम्हांला सर्वांत आवडलेला भाग म्हणजे एकोंनी स्वतः केलेला प्रयोग. बरोक काळातील इटालियन ग्रंथांत रूपकाचा विचार कसा केला आहे, हा विषय घेऊन ते आलेस्सांद्रिया या आपल्या जन्मगावच्या ग्रंथालयात जाऊन बसले. लहान गावातल्या विद्यार्थ्याप्रमाणे तालिका आणि कोश चाळू लागले. तीन दुपारींत कामापुरती संदर्भसूची तयार झाली! तालुक्याच्या गावी एम.एड.चा प्रबंध लिहिणाऱ्या शिक्षकांनी हे प्रकरण आधी वाचावे. साधने अपुरी असतात हे खरेच. पण हाताशी आहेत तेवढी तरी आपण धुंडाळली का?

अनुक्रमणिका अगदी आरंभी लिहा, ती बदलत जाईलच, ही त्यांची सूचना प्रथम उलटी वाटते. विज्ञानशिक्षकाला तीत गृहीतक ओळखू येईल. अनुक्रमणिका मांडता येत नसेल तर प्रश्नच स्पष्ट झालेला नाही, हे मार्गदर्शकाच्या आधी विद्यार्थ्याला कळते. आमच्या मते स्वावलंबन ते हेच. एकट्याने कुढत बसणे नव्हे. मार्गदर्शकांना सवड नसेल तर मित्राला वाचायला द्या, असे एकोच बजावतात.

टिपणांच्या कार्डांवर खर्चलेली पाने आज जुनी वाटतात; ते काम आता संगणक करतो. लेखनाच्या प्रकरणात पियानोवादक विटगेनश्टाइन यांच्याविषयीचे एक लांबलचक वाक्य तोडून सुटसुटीत करून दाखवले आहे. असे नमुने आणखी हवे होते. शिवाय उदाहरणे बहुतेक साहित्य, तत्त्वज्ञान, इतिहास यांतली. प्रयोगातील नोंदी प्रबंधात कशा मांडाव्यात, यासाठी विज्ञानाच्या विद्यार्थ्याला दुसरे पुस्तक पाहावे लागेल.