‘प्रत्येक माणूस’ : चाच्यांच्या करारनाम्यातील एका कर्त्याविषयी

व्यवस्थापनविषयक अलीकडील वाङ्मयात समुद्री चाच्यांना अनपेक्षित प्रतिष्ठा लाभली आहे. १९८३ साली अ‍ॅपल कंपनीत मॅकिंटॉश संगणकाची घडण करणाऱ्या गटाने आपल्या इमारतीवर कवटीचे निशाण उभारले. आरमारात भरती होण्यापेक्षा चाचे होणे बरे, अशा आशयाचे स्टीव्ह जॉब्झ यांचे उद्गार त्यामागे होते. २०१८ साली सॅम कॉनिफ यांचे ‘बी मोअर पायरेट’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. कॉनिफ नियम नव्याने लिहिण्याविषयीही बोलतात, हे मान्य केले पाहिजे. परंतु या प्रकारच्या लेखनातून वाचकाच्या मनात उरते ते नियम मोडणेच. जुने नियम मोडल्यावाचून नवे काही घडत नाही, चाच्यांनी नियम मोडले, म्हणून ते नवनिर्मितीचे आद्य आचार्य, असे हे अनुमान आहे. त्यातील मधला दुवा तपासून पाहावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

या मताच्या पुष्ट्यर्थ कधी कधी व्युत्पत्तीचाही आधार घेतला जातो. ‘पायरेट’ या शब्दाच्या मुळाशी असलेल्या ग्रीक ‘पेइरातेस’चा संबंध ‘पेइरा’, म्हणजे प्रयत्न किंवा कसोटी, या शब्दाशी आहे, आणि ‘एम्पिरिकल’ हा शब्दही त्याच कुळातला. म्हणून चाचा आणि प्रयोगशील संशोधक हे सगोत्र ठरतात! व्युत्पत्ती खरी आहे. निष्कर्ष मात्र भाषाशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासही मान्य होणार नाही. शब्दाचे मूळ हा अर्थाचा पुरावा नव्हे. मराठीकडे पाहिले तरी हे ध्यानात येते. इंग्रजीत सतराव्या शतकापासून ग्रंथचोरालाही चाच्याचेच नाव मिळू लागले. मराठीत अशा पुस्तकाला आपण ‘चोरटी आवृत्ती’ म्हणतो. तीत समुद्र नाही, निशाण नाही, साहस तर नाहीच.

तेव्हा मूळ संहितेकडे वळू. चाच्यांविषयी जे काही सांगितले जाते, त्याचा फार मोठा भाग एकाच ग्रंथावर उभा आहे. ‘कॅप्टन चार्ल्स जॉन्सन’ या नावाने १७२४ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेला चाच्यांचा इतिहास तो हाच. हा जॉन्सन कोण, हे निश्चित नाही. विसाव्या शतकात जॉन रॉबर्ट मूर यांनी हे कर्तृत्व डॅनियल डिफोकडे दिले. १९८८ साली फरबँक आणि ओवेन्स यांनी ते काढून घेतले. १७२८च्या दुसऱ्या खंडात मादागास्करमधील ‘लिबर्टालिया’ या समतावादी चाच्यांच्या वसाहतीचे वर्णन आहे. ते कल्पित आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तरीही आदर्श राज्याचा दाखला म्हणून त्याचा उल्लेख होतच असतो. पहिल्या खंडातील बार्थोलोम्यू रॉबर्ट्सच्या टोळीचा करारनामा अधिक विश्वसनीय आहे. पण तिथेही मूळ कागद पकडले जाण्यापूर्वी समुद्रात फेकण्यात आला, असे जॉन्सन स्वतःच नमूद करतो आणि उरलेल्या भागात काही अघोर गोष्टी असाव्यात, अशी शंकाही व्यक्त करतो. म्हणजे आपल्यापुढे आहे ती सांगोवांगीची प्रत. तिच्या मजकुराला महत्त्व आहे, परंतु प्रत्येक शब्दावर भार टाकता येणार नाही, ही मर्यादा सांभाळूनच पुढील विवेचन वाचावे.

या करारनाम्यातील ठळक गोष्ट म्हणजे त्याची कठोरता. पैसे लावून पत्ते वा फासे खेळावयाचे नाहीत. रात्री आठ वाजता दिवे मालवावयाचे. हत्यारे स्वच्छ ठेवावयाची. जहाजावर एकमेकांवर हात उगारावयाचा नाही. भांडणाचा निकाल किनाऱ्यावर, तलवार व पिस्तूल घेऊन. लढाईत पळून जाणाऱ्यास मृत्यू, किंवा निर्जन बेटावर सोडून देणे. कप्तान व क्वार्टरमास्तर यांस दोन-दोन वाटे, इतर अधिकाऱ्यांस दीड वा सव्वा. सामान्य खलाशी व कप्तान यांच्यातील अंतर एवढेच. हात वा पाय गमावणाऱ्यास सामाईक निधीतून ८०० डॉलर. वादकांना रविवारी सुट्टी. नियम झुगारून देणाऱ्यांची ही भाषा नव्हे. व्यापारी जहाजावरील एक शिस्त त्यांनी सोडली आणि तिच्या जागी स्वतःच्या संमतीची, काही बाबतींत अधिक कडक अशी दुसरी शिस्त आणली.

ही दुसरी शिस्त शक्य का झाली, याचे सर्वांत समर्पक उत्तर अर्थशास्त्रज्ञ पीटर लीसन यांच्या २००९ सालच्या ‘द इन्व्हिजिबल हुक’ या ग्रंथात मिळते. व्यापारी जहाजाचा मालक किनाऱ्यावर असे; त्याच्या हितासाठी कप्तानास निरंकुश सत्ता दिली जाई. चाच्यांचे जहाज चोरीचे होते, म्हणून तो प्रश्नच उरला नव्हता. वापरणारेच मालक होते, आणि आपला कप्तान ते मताने नेमू वा काढू शकत. स्वतः रॉबर्ट्स १७१९ साली चाच्यांच्या हाती सापडलेला खलाशी होता. आपल्या कप्तानाच्या मृत्यूनंतर टोळीने त्याला निवडले. नवेपणा स्वभावातून आला नाही, मालकीच्या पालटातून आला. कवटीचे निशाण लावणाऱ्या संगणक-गटाची मालकी मात्र जिथल्या तिथे राहिली होती. १९८५ साली जॉब्झ यांना त्या विभागाच्या प्रमुखपदावरून दूर करण्यात आले, तो निर्णय संचालक मंडळाचा होता. निशाणाखालच्या मंडळींना मत नव्हते.

करारनाम्याचे पहिलेच कलम महत्त्वाच्या बाबींत मताचा हक्क देते आणि तो देताना कर्ता म्हणून ‘प्रत्येक माणूस’ हे पद योजते. मार्कस रेडिकर यांच्यासारख्या इतिहासकारांनी या टोळ्यांतील समतेचे सहृदय चित्र रंगविले आहे, आणि खलाशांच्या तत्कालीन हालांकडे पाहता ती सहृदयता अस्थानी नाही. तरी ‘प्रत्येक’ या सर्वव्यापी विशेषणाची व्याप्ती कोठवर, हा प्रश्न अर्थविचाराच्या अभ्यासकाने विचारलाच पाहिजे.

जानेवारी १७२२ मध्ये रॉबर्ट्सने पश्चिम आफ्रिकेतील विडा बंदरात गुलामांचा व्यापार करणारी जहाजे पकडली. प्रत्येक जहाजाच्या सुटकेसाठी आठ पौंड सुवर्णचूर्ण घेतले आणि त्याची रीतसर पावती दिली. पावतीत चाच्यांनी स्वतःचा उल्लेख दैवावर हवाला ठेवणारे सभ्य गृहस्थ असा केला आहे. पावती हा कायद्याच्या राज्यातला दस्तऐवज. तो लुटारूंनीही टाकवत नाही, हे मोठे मनोरंजक आहे. अशाच एका दस्तऐवजाची कथा आपल्या किनाऱ्यावरचीही आहे. पोर्तुगीज ‘कार्ताझ’ देत आणि तो नसलेले गलबत जप्त करीत. कान्होजी आंग्रे सरखेल या नात्याने दस्तक देत आणि तेच करीत. क्लेमंट डाउनिंगच्या १७३७ सालच्या पुस्तकाच्या शीर्षकात मात्र आंग्रे ‘पायरेट’ म्हणून येतात. कृती एकच असता संज्ञा बदलते, ती नाव ठेवणाऱ्याच्या अधिकारामुळे. रॉबर्ट्सच्या मागे कोणतेही राज्य नव्हते, आंग्र्यांच्या मागे छत्रपतींची सनद होती. म्हणून या दोघांना एका ओळीत बसविणे मला मान्य नाही. नियमभंगाचा गौरव करणाऱ्यांनी आधी नियम कोणाचा, हे विचारावे, इतकेच या दाखल्याचे प्रयोजन.

विडा येथे ‘पॉर्क्युपाइन’ नावाच्या जहाजाच्या कप्तानाने खंडणी देण्याचे नाकारले. जॉन्सनच्या कथनानुसार, जहाज जाळण्यापूर्वी गुलामांना उतरवून घेण्यास माणसे पाठविली होती. पण बेड्या सोडविण्यात फार वेळ व श्रम जातील असे दिसताच त्यांनी तशीच आग लावली. जहाजावर ऐंशी माणसे दोघे-दोघे साखळीने जखडलेली होती. आगीतून ज्यांनी पाण्यात उड्या टाकल्या, ते शार्क माशांच्या तोंडी गेले. इतर हिशेब काटेकोर ठेवणाऱ्या करारनाम्यात या ऐंशी जणांसाठी एकही पद नाही. ना कर्ता, ना कर्म.

पुढच्याच महिन्यात, १० फेब्रुवारी १७२२ रोजी, लोपेझ भूशिराजवळ रॉबर्ट्स आरमाराशी लढताना मारला गेला. त्याच्या माणसांवर केप कोस्ट किल्ल्यात खटला चालला. तेथे प्रत्येकास नावाने पुकारण्यात आले, साक्षी झाल्या, स्वखुशीने सामील झाला की बळजबरीने, हे विचारण्यात आले. ७४ जण निर्दोष सुटले, ५२ जणांना फाशी झाली. पकडलेल्या जहाजांवर सुमारे ७० आफ्रिकीही होते. त्यांतील किती जण टोळीचे खलाशी होते आणि किती जण लुटीचा माल, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. न्यायालयाला तो प्रश्न पडला नाही. त्यांची नावे पुकारली गेली नाहीत, साक्षी झाल्या नाहीत. त्यांना गुलाम म्हणून विकण्यात आले.