अनुवादकांची नावे नसलेले पुस्तक

अला अब्द अल-फत्ताह या इजिप्शियन लेखकाच्या 'यू हॅव नॉट येट बीन डिफीटेड' या इंग्रजी पुस्तकावर अनुवादकाचे नाव नाही. अनुवाद एका गटाने केला, एवढीच नोंद आहे. अनुवादकाचे नाव मुखपृष्ठावर यावे म्हणून आपल्याकडे अजून भांडावे लागते. इथे ते आलेच नाही. का, ते पुढची पाने वाचताना उमगत गेले.

ब्लॉग, ट्विट, फेसबुकवरच्या नोंदी, लेख, मुलाखती, तुरुंगातून बाहेर आलेली पत्रे, असा हा 2011 पासूनचा ऐवज. पुस्तक ऑक्टोबर 2021 मध्ये निघाले तेव्हा लेखक कैदेतच होता. दोन महिन्यांनी त्याला आणखी 5 वर्षांची शिक्षा झाली. आरोप खोट्या बातम्या पसरवल्याचा, आणि पुरावा म्हणजे एका कैद्याच्या मृत्यूविषयीची, दुसऱ्याने लिहिलेली, त्याने फक्त शेअर केलेली फेसबुक पोस्ट. टिळकांना 1908 मध्ये सहा वर्षे झाली ती निदान स्वतःच्या पत्रातल्या अग्रलेखांसाठी. इथे राज्यघटनेवर, क्रांतीच्या पराभवावर विचारपूर्वक लिहिलेले दीर्घ लेख बाजूलाच राहिले आणि बोटाच्या एका स्पर्शाने माणूस आत गेला.

या जोखमीचा हिशेब एकट्याच्या नावावर मांडता येत नाही. मुलगा खालेद जन्मला तेव्हा, डिसेंबर 2011 मध्ये, बाप कोठडीत होता. भेटीच्या अर्ध्या तासावरचा त्याचा लेख या पुस्तकातला सर्वांत साधा आणि म्हणून सर्वांत टिकाऊ. मानवाधिकारांचे खटले लढवणारे वडील 2014 मध्ये वारले, तेव्हा अला आणि धाकटी बहीण सना दोघेही तुरुंगात. आई लैला सुएफ गणिताच्या प्राध्यापिका. मुलाच्या सुटकेसाठी त्यांनी 2024 मध्ये उपोषण सुरू केले. सुटका झाली सप्टेंबर 2025 मध्ये, राष्ट्राध्यक्षांच्या माफीने.

पुस्तकाविषयी माझी तक्रार ट्विटांच्या पानांबद्दल आहे. ट्विट हे कुणाला तरी दिलेले उत्तर असते. समोरचा माणूस गाळून ते एकटे छापले की त्याला सुभाषिताचा थाट येतो, आणि तो अलाच्या गद्याला मानवत नाही. त्याची खरी ताकद स्वतःशी वाद घालण्यात आहे. संदर्भ गळण्याचा दुसरा चेहराही आहे. इस्रायलींना मारण्याविषयीच्या 2012 मधल्या एका ट्विटमुळे 2014 मध्ये साखारोव्ह पुरस्कारासाठीचे त्याचे नामांकन मागे घेतले गेले. ते वाक्य वाईटच होते; छळ झालेल्या लेखकाचे म्हणून ते माफ होत नाही. मात्र त्या क्षणाच्या भरात लिहिलेले वाक्य सरकार, विरोधक, चाहते सगळेच जपून ठेवतात आणि आपापल्या सोयीने बाहेर काढतात. चाहत्यांनीही हे ध्यानात घ्यायला हवे. निवड करणारे संपादकही त्यातलेच.

पुस्तक सलग वाचू नये, दमायला होते. 2019 पासून सुरुवात करावी. त्या वर्षी मार्चमध्ये सुटल्यावर त्याला रोज संध्याकाळी सहा ते सकाळी सहा पोलीस ठाण्यात काढावे लागत. फोनही नाही, लॅपटॉपही नाही. सहा महिन्यांनी पुन्हा अटक झाली. त्या मधल्या दिवसांतले लेखन अडखळते आहे, घटकेत थकलेले, घटकेत चेष्टेखोर, आणि वीरपुरुष व्हायला साफ नकार देणारे.