लळा आणि प्रेम : मधली कडी

तान्हेपणीचा लळा पुढे प्रेमसंबंधांना आकार देतो, असे हेझन व शेव्हर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८७ साली मांडले. मुख्य आधार होता वृत्तपत्रातील प्रश्नावलीला आलेल्या ६२० उत्तरांचा. म्हणजे तपासल्या गेल्या त्या प्रौढांच्या आठवणी, बालपण नव्हे, हा आमचा आक्षेप.

सिम्पसन व सहकाऱ्यांच्या २००७ सालच्या अभ्यासात ७८ जणांचा पहिल्या वर्षापासून विशीपर्यंत मागोवा होता. तेथे लळ्याचा परिणाम प्राथमिक शाळेतील मिळूनमिसळून वागणे, मग सोळाव्या वर्षीची मैत्री, अशा पायऱ्यांनी प्रेमापर्यंत पोचलेला दिसला.

आपल्याकडे साताऱ्याच्या माणमधून मुंबईला, सांगलीच्या आटपाडीतून सोन्या-चांदीच्या गलाईसाठी परप्रांती गेलेल्या अनेकांची मुले आजीपाशी वाढतात. लळा आजीचाही लागतो. अशा मुलावर शिक्का मारण्याआधी आपण शिक्षकांनी ध्यानात घ्यावे : या साखळीची मधली कडी आपल्याच वर्गात आहे.