‘कर्मचारी’ ही संज्ञा आणि वाहनतळावरील शस्त्र

कुलूपबंद मोटारीत बंदूक ठेवून ती मोटार मालकाच्या वाहनतळावर उभी करण्यास नोकराला मनाई करता येऊ नये, असे कायदे अमेरिकेतील अनेक राज्यांनी एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून केले. त्यांची चर्चा बहुधा शस्त्राचा हक्क आणि मालमत्तेचा हक्क यांच्या द्वंद्वाच्या रूपाने होते. कर्मचाऱ्याला, कर्मचारी या नात्याने, या कायद्यांनी नेमके काय दिले, हा प्रश्न मात्र मागे पडतो. त्याचे उत्तर विधानाच्या शब्दरचनेतच आहे.

या कायद्यांचा उगम ओक्लाहोमातील व्हॅलियंट येथील एका कागद-कारखान्यात सापडतो. ऑक्टोबर २००२ मध्ये तेथील वाहनतळाची श्वानांच्या साहाय्याने झडती झाली. ज्यांच्या गाड्यांत बंदुका मिळाल्या त्या कामगारांना, कंत्राटदारांच्या माणसांसह, कामावरून दूर करण्यात आले. त्यांनी लावलेल्या दाव्याचा निकाल २००६ मध्ये अपील न्यायालयातही कंपनीच्या बाजूने लागला. दरम्यान, २००४ मध्ये विधिमंडळाने कायदा दुरुस्त केला होता. त्या दुरुस्तीत मनाई मालकाला आहे. संरक्षण मात्र ‘कोणत्याही व्यक्तीला’ आहे, गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेला तेवढा वगळून. गाऱ्हाणे कामगाराचे, पण लाभार्थीच्या जागी कामगार हा शब्दच नाही.

पुढील वादही एका शब्दावरच अडला. १९७० च्या संघीय कामगार-सुरक्षा कायद्यानुसार कामाची जागा ‘मान्य झालेल्या’ धोक्यांपासून मुक्त ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. मान्य कोणी केलेला? या कर्मणी धातुसाधितात कर्ता लुप्त आहे. वाहनतळावरील बंदूक हा असाच धोका होय, असे मानून जिल्हा न्यायालयाने २००७ मध्ये ओक्लाहोमाचा कायदा रोखला. सुरक्षायंत्रणेने तसा दंडक केलेला नाही, उलट तो करण्यास नकार दिला आहे, असे सांगून अपील न्यायालयाने २००९ मध्ये तो निर्णय फिरवला.

टेनेसीचा २००३ नव्हे, २०१३ चा कायदा वेगळ्या तऱ्हेने अपुरा ठरला. परवानाधारकाने गाडीत शस्त्र ठेवणे हा त्याने गुन्हा राहू दिला नाही; पण त्यासाठी मालकाने नोकरीवरून काढू नये, असे त्यात म्हटले नव्हते. मुभा आणि हक्क यांतील भेद होफेल्डने १९१३ मध्येच स्पष्ट केला होता: ज्याच्या समोर कोणाचे कर्तव्य उभे नाही, तो हक्क नव्हे. ते कर्तव्य टेनेसीत २०१५ मध्ये घातले गेले.

सर्वांत बोधप्रद उदाहरण फ्लोरिडाच्या २००८ च्या कायद्याचे आहे. तेथे ‘कर्मचारी’ या संज्ञेचे लक्षण असे केले होते की, ज्याच्याजवळ गुप्त शस्त्राचा वैध परवाना आहे आणि जो वेतनावर, कंत्राटावर, स्वयंसेवक वा उमेदवार म्हणून काम करतो, तो कर्मचारी. नैयायिकांच्या भाषेत ही ढळढळीत अव्याप्ती आहे. परवाना नसलेला पगारी कारकून कर्मचारी नव्हता. परवानाधारक बिनपगारी स्वयंसेवक मात्र होता. दोष येथेच थांबत नाही. ‘मालक’ म्हणजे ज्याच्याकडे ‘कर्मचारी’ आहेत असा व्यवसाय, असे पुढचे लक्षण आहे. साहजिकच, ज्या दुकानात एकही परवानाधारक नोकर नव्हता, ते दुकान या कायद्यापुरते मालकच ठरत नव्हते. ग्राहकांच्या गाड्यांतील शस्त्रांना मनाई करण्याची बंदी मालकांवर होती. तेव्हा शेजारशेजारच्या दोन एकसारख्या दुकानांपैकी एकाला ग्राहकांना अडवता येई, दुसऱ्याला येत नसे. संघीय न्यायालयाने २००८ मध्ये हा भेद तर्कहीन ठरवून ग्राहकांविषयीचा भाग रोखला आणि परवानाधारक नोकरांविषयीचा कायम ठेवला.

संज्ञा योजणारा स्वतंत्र असतो, हे खरे. पाणिनीच्या ‘वृद्धि’ संज्ञेत लौकिक वाढीचा अर्थ कोणी शोधत नाही. पण पाणिनी लौकिक अर्थाचा लाभही मागत नाही. येथे नियम चालतो तो संकुचित अर्थाने, आणि समर्थन होते ते ‘कर्मचाऱ्यांचे हक्क’ या व्यापक अर्थाने. बहुतेक अमेरिकी नोकऱ्या मालकाच्या मर्जीवर टिकतात. बंदुकीमुळे न काढता येणाऱ्या नोकराला कोणतेही कारण न देता काढण्यास सहसा आडकाठी नसते. रात्रपाळीनंतर एकटीने घरी परतणाऱ्या कामगार स्त्रीची भीती खोटी नाही, आणि परवान्याची अट घालण्यामागील सावधपणाही समजण्याजोगा आहे. मात्र मसुदाकारांनी ‘परवानाधारक कर्मचारी’ असे विशेषणासह लिहिले असते, तर ‘मालक’ शब्दाच्या लक्षणातील घोटाळा मसुद्याच्या पहिल्या वाचनातच उघडा पडला असता.